आधी गाणं, मग पाणी

ये यामिनी, ये. अशी जवळ सरकून बस, माझा आवाज आता एवढाच निघतो. थायरॉइडची गाठ काढताना आवाजाची नस दुखावू शकते असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आणि ती दुखावली. गाठ गेली, जीव वाचला, आवाज गेला. आईबापांनी हौसेनं कोकिळा नाव ठेवलं होतं! आमची वर्षाली म्हणते, "आई, आता आधार कार्डावर नाव बदलून घ्या." सून आहे माझी. तोंडानं फटकळ, पण पोरगी गुणाची.

तू सिंदी मेघेहून एवढ्या उकाड्यात आलीस ती रेकॉर्ड ऐकायला, आणि नेमकी लाईट गेली. बोरगावातली लाईट उन्हाळ्यात संध्याकाळी जाते आणि आपल्या मर्जीनं परत येते. इन्व्हर्टरनं परवाच मान टाकली, म्हणून हा देवापुढचा दिवाच इकडे आणला आहे. चालेल ना? तुझ्या शाळेतल्या मुलींना हे गाणं शिकवायचं आहे म्हणतेस. शिकव. पण गाण्याबरोबर काय येतं, तेही आधी कानावर असलेलं बरं. लाईट येईपर्यंत सांगते.

सुरुवात अगदी साधी झाली. मागच्या वर्षी चैत्र संपता संपता मी आणि वर्षाली ऑटो करून वर्ध्याला फोनो प्रीॲम्प आणायला गेलो.

आता हा फोनो प्रीॲम्प म्हणजे काय, ते मलाही तेव्हाच कळलं. रेकॉर्डवर फिरणाऱ्या सुईतून जो आवाज निघतो तो फार नाजूक असतो, अंगणातून मुंगी चालत जावी एवढा. तो तसाच ॲम्प्लिफायरला दिला तर काही ऐकू येत नाही. शिवाय रेकॉर्ड कापतानाच जाड सूर दाबून आणि बारीक सूर चढवून कापलेले असतात. दाबलेलं उचलायचं, चढवलेलं उतरवायचं, आणि मुंगीची चाल माणसाच्या कानापर्यंत आणायची, हे सगळं काम मध्ये जोडलेल्या त्या डबीचं. वर्षाली पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. पोळ्या लाटता लाटता तिनं मला हे सगळं समजावलं. म्हणाली, "डबी भिकार असली तं गाणारी कितीबी भारी असू द्या, सर्दी झाल्यासारखीच वाजते."

आणि गाणारी कोण? मीच की!

लग्नाआधी नागपूरला कॉलेजात असताना गाण्याच्या स्पर्धेत मी पहिली आले होते. तेव्हा एका छोट्याशा कंपनीनं माझी रेकॉर्ड काढली. बशीएवढी, एका बाजूला एकच गाणं. आमच्या गाण्याच्या बाई होत्या, सुलोचनाबाई, त्यांनी ते गाणं स्वतः बांधलं होतं. पुढे कंपनी बुडाली, बाई गेल्या, बाकीच्या प्रती कुठे गेल्या देव जाणे. माझी प्रत मी लग्नात साड्यांच्या मधोमध ठेवून या घरी आणली. दुसऱ्याच दिवशी माझ्या सासऱ्यांनी, नत्थूजींनी, ती मागून घेतली.

"घरच्या सुनेचा आवाज तव्यावर? उद्या पानठेल्यावर वाजन." एवढंच बोलले. रेकॉर्डला ते तवा म्हणायचे. मला वाटलं, चुलीत घातली असेल.

नोकरीला मामाजींची, म्हणजे सासऱ्यांची, हरकत नव्हती बरं का. जिल्हा परिषदेच्या शाळेतला माझा पगार घरात चालायचा. गाणं नाही चालायचं. वर्गात कविता चालीत म्हटली तरी संध्याकाळपर्यंत बातमी घरी पोचलेली असायची. आणि ओरडायचे नाहीत गं ते कधी. फक्त खाकरायचे. फाटकापाशी काठी टेकायची, ठक्, आणि मागून खाकरणं. आधी आखूड, मग लांब ओढलेलं. ह्हं... अह्हंऽऽ. मोठं माणूस आत येतंय, बायकांनी सावरून बसावं, म्हणून जुन्या घरांतून ही रीत होतीच. आमच्याकडे त्या खाकरण्यासरशी डोक्यावर पदर यायचा, तोंडाला कुलूप लागायचं आणि ओठावर आलेली ओळ तिथंच गिळायची. अशा किती ओळी गिळल्या असतील मी? त्यावरच पोट भरलं असतं.

मामाजी म्हातारे होऊन, सगळ्यांची सेवा घेऊन गेले. मग त्यांची लोखंडी पेटी उघडली. तळाशी, त्यांच्याच धोतरात गुंडाळलेली, माझी रेकॉर्ड होती. एक ओरखडा नव्हता तिच्यावर. या घरात रेकॉर्ड वाजवायचं यंत्र कधीच नव्हतं. मग ठेवली कशाला? आणि जर एवढाच राग होता, तर फोडली का नाही? मला आजही सांगता येत नाही.

तेव्हा माझं ऑपरेशन होऊन थोडेच महिने झाले होते. मी एकटी असले की गळ्यावरून हात फिरवत बसायची. जगात माझा आवाज आता फक्त त्या बशीएवढ्या तव्यात उरला होता, आणि मरायच्या आधी तो मला एकदा धड ऐकायचा होता. वर्षालीनं ते ओळखलं. तिनं कुठूनतरी जुनी टर्नटेबल मिळवली, स्पीकर जोडले, आणि मला म्हणाली, "आई, डबी तुमीच निवडा. आवाज तुमचा आहे."

वर्ध्यातला दुकानदार अश्वजित, बोलका माणूस. त्यानं तीन डब्या बांधून दिल्या. "काकू, घरी नेऊन ऐका. दुकानात समदंच गोड वाजते. नाई आवडल्या त्या परत आणून द्या." मी ती पिशवी मांडीवर धरून ऑटोत बसले. मुकेशला, माझ्या मुलाला, बाळंतपणानंतर घरी आणताना अशीच बसले होते.

पहिली डबी प्लॅस्टिकची, हलकी, दोन पिनांची. लावली आणि घूंऽऽ. माठावर मधमाश्या घोंघावतात तसा आवाज, आणि त्याच्या पार खाली, गोधडीत तोंड खुपसून कोणी गावं तशी मी. शब्द कळत होते, गाणं शेवटपर्यंत होतं. तरीसुद्धा मी रडले. खोटं कशाला सांगू, ढसाढसा रडले.

दुसरी डबी व्हॉल्व्हची. आत काचेचे दिवे पेटायचे, दिसायला अशी देखणी! वर्षालीनं डोळे मिटले. "आई, किती गोड वाजून राह्यलं!"

"गोड आहे," मी म्हटलं, "पण ही मी नाई. एवढी गोड मी कधीच नव्हती. माझ्या आवाजाले धार होती."

"काय नखरे तुमचे! बरं, लावते तिसरी."

तिसरी काळी, लोखंडी, पाट्यासारखी जड. तीन पिनांची. वर्षाली म्हणाली, "आता गाण्याकडं लक्ष नका देऊ. आवाज वाढवते. सुई टेकल्यावर गाणं सुरू व्हायच्या आधी जी शांतता असते ना, ती ऐका. जिची शांतता साफ, ती डबी चांगली." सुई टेकली. शांतता कुठली! तिथंही घूंऽऽ. कमी, पण होतंच. वर्षालीनं टर्नटेबलची हिरवी तार काढून पुन्हा कसली, वायरी हलवल्या, खाली वाकून वाकून घामानं निथळली. मग एकदम कपाळावर हात मारला. "आई, घराची अर्थिंगच कोरडी पडली असन!"

तुमच्याकडेही असेल तो खड्डा, मागच्या अंगणात. घराच्या विजेची तार जमिनीत जिथं उतरते तो. आपली काळी माती, वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तार मातीला धरत नाही, म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं. मामाजी होते तोवर रोज सकाळी तेच तांब्याभर घालायचे. त्यांच्यामागे कोणाला आठवण राहिली नव्हती.

तो दिवस आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा होता. भर दुपार. रस्त्यावर चिटपाखरू नाही, कूलरची टाकी आटलेली, पत्र्याच्या दाराला हात लावला तर चटका बसेल असं ऊन. आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात. एवढ्या उन्हात पितरांचाही घसा कोरडा पडतो म्हणतात. यांनी, म्हणजे आमच्या चंद्रभानरावांनी, सकाळीच बापाच्या नावानं लाल घागर भरली होती. आत वाळा, वर खरबूज. संध्याकाळी कोणाला तरी द्यायची म्हणून मागच्या दाराशी ठेवली आणि हे जेवून आतल्या खोलीत आडवे झाले.

नळाला त्या दिवशी पाण्याची पाळी नव्हती. वर्षालीनं आतून हाक दिली, "आई, खड्ड्यात पाणी वता ना थोडं!" आणि माझ्या हाताशी होती ती घागर मी उचलली.

काही मनात आलं नाही असं नाही. आलं. म्हटलं, प्यायचंच आहे तर इथं प्या.

खरबूज बाजूला ठेवलं आणि सगळी घागर भेगेत ओतली. माती गटागटा प्यायली. वाळ्याचा गार वास वर आला... आणि त्यात मिसळून दुसरा एक. चुना लावलेल्या तंबाखूचा, मामाजी मळायचे तसा. मी नाक पुसलं आणि आत आले.

घूं बंद झालं होतं.

यामिनी, तशी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. काळ्या डबीतून ती अशी बाहेर आली की आमची ती खोली मोठी झाल्यासारखी वाटली. त्या शांततेत नागपूरच्या त्या स्टुडिओतली खुर्ची करकरली. पेटीवाल्यानं भाता ओढला. आणि मग कोणीतरी श्वास घेतला, आणि तो श्वास माझा होता.

"उडू दे गं पाखरू, दार नको लावू,
आभाळाच्या लेकीले अंगण नको दावू..."

अगं, काय गायची मी! कुठं भीती नाही, कुठं लाज नाही. दुसरं कडवं आलं, "पिंजऱ्याची दांडी सोन्याची झाली, तरी पाखराची तहान नाई गेली." वर्षालीचे डोळे भरले होते. मी तिचा हात घट्ट धरून बसले होते. तिसरं कडवं सुरू झालं, आणि...

ठक्.

ह्हं... अह्हंऽऽ.

गाणारी पोरगी शब्दाच्या मध्येच थांबली. तिनं ओळ गिळली. मागे पेटी आणि तबला तसेच चालू राहिले, गाणाऱ्याशिवाय, शेवटपर्यंत. पेटी कोणाची तरी वाट पाहत असल्यासारखी तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत होती.

वर्षाली माझ्याकडे पाहत होती. "आई... तुमी पदर काऊन घेतला?"

मी चाचपलं. माझा पदर डोक्यावर होता. कानाला कळायच्या आधी हातानं ओळखलं होतं.

आणि आतल्या खोलीतून हे सदऱ्याची बटणं लावत, झोपेतच, घाईघाईनं बाहेर आले. "बाबा आले काय?" म्हणाले. मग दारातच थांबले. आपण काय बोललो ते त्यांनाच ऐकू आलं.

आता विचार कर. ती रेकॉर्ड माझ्या लग्नाआधीची. ती काढली तेव्हा मामाजींनी मला पाहिलं नव्हतं, मी त्यांना पाहिलं नव्हतं. आमचं स्थळसुद्धा आलेलं नव्हतं. मग त्या तव्यात ते कुठून खाकरले?

वर्षाली शिकलेली पोरगी, ती अशी ऐकणार थोडीच! "धूळ असन," म्हणाली. रेकॉर्ड मऊ फडक्यानं पुसली, सुई साफ केली, पुन्हा लावली. या वेळी खाकरणं दुसऱ्या कडव्यातच आलं. पोरगी सोन्याच्या दांडीपाशी गप्प झाली. पुन्हा लावली, तर पहिल्या कडव्याच्या शेवटी. लावावी तसं गाणं आखडत होतं. फाटकापासून ओसरीकडे, ओसरीवरून आत, असे ते एकेक पाऊल पुढे येत होते. दर वेळी काठी जरा जवळ वाजायची.

तेवढ्यात यांना मागच्या दाराशी आडवी पडलेली घागर दिसली. "घागर कोणं रिकामी केली?"

"मी," म्हटलं. "अर्थिंगले पाणी पाह्यजे होतं."

"अवं... बाबाची घागर तू अर्थिंगच्या खड्ड्यात वतली?" ते खालीच बसले. "दान द्याची होती ते... आखाजीच्या दिवशी तहानलेला माणूस तू तारेनं घरात बोलावला!"

वर्षाली काळ्या डबीतून जमिनीकडे जाणाऱ्या वायरीकडे पाहत होती. मग तिनं काळी डबी काढली आणि पहिली, प्लॅस्टिकची, दोन पिनांची लावली. त्या डबीचं जमिनीशी नातंच नव्हतं. घूंऽऽ सुरू झालं. आणि त्याच्या खाली गाणं होतं. अख्खं. तिन्ही कडवी, शेवटच्या ओळीपर्यंत. खाकरणं नाही, काठी नाही.

यांच्या जिवात जीव आला. "पाह्य, हे बरं आहे ना? ऐकू तं येते. थोडं घूं घूं होते, काय बिघडते? काळी परत करून टाका बापा. मी दुसरी घागर भरतो, हात जोडतो बाबाले, मिटलं."

"आई," वर्षाली यांच्याकडे पाहत म्हणाली, "बाबा बरोबर म्हणून राह्यले. रेकॉर्ड एकच आहे. काळीवर अजून एकदा लावली अन् समदं गाणंच गेलं तं? मंग काय उरते तुमच्यापाशी?"

खरं होतं तिचं. पुन्हा लावलं तर कदाचित नुसता श्वास उरणार होता, कदाचित तोही नाही. माझ्या आवाजाचा तेवढाच तुकडा जगात होता आणि तो जपायचा तर गोधडीखाली जपायचा. शहाण्या बाईनं तेच केलं असतं. पण माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! अगं, मेल्यावरसुद्धा?

"काय बिघडते म्हंता?" मी म्हटलं. एवढ्याशा आवाजात म्हटलं, पण दोघंही दचकले. "जल्मभर घूं घूंखालीच गायली मी. भांडे घासता घासता, चक्कीच्या आवाजात, कूलरच्या आवाजात, तुमच्या बाबाले ऐकू जाऊ नाई म्हणून. आता तव्यातबी तसंच गाऊ? गेलं तं जाऊ दे समदं. पण लपून नाई वाजणार. वर्षाली, काळी लाव."

"आई..."

"लाव म्हंते ना!"

तिनं लावली. आवाजाचं बटण मी स्वतः पार शेवटपर्यंत फिरवलं. खिडक्या उघड्या टाकल्या. ऐकू दे साऱ्या बोरगावला. डोक्यावरचा पदर ओढून कमरेला खोचला आणि स्पीकरसमोर खुर्ची घेऊन बसले.

सुई टेकली. शांतता. खुर्ची करकरली. भाता ओढला. पोरीनं श्वास घेतला.

ठक्.

पहिला शब्दसुद्धा निघू दिला नाही त्यांनी. नुसती पेटी वाजत राहिली.

मग मी गायले. गायले म्हणजे काय, म्हशीनं रेकावं तसं. घशातून सूर येतच नव्हता, नुसता वारा आणि खरखर. "उडू दे गं... पाखरू..." गळा कापल्यासारखा दुखत होता. माझा तो आवाज माझ्याच कानांना सोसवत नव्हता.

अह्हंऽऽ.

या वेळी ते स्पीकरमधून आलं नाही. माझ्या खुर्चीच्या मागून आलं. तंबाखू आणि ओल्या काळ्या मातीचा वास मानेवर आला. समोर बसलेले हे माझ्या खांद्यावरून मागे पाहत होते. त्यांचं तोंड उघडं पडलं आणि त्यांनी बसल्या जागी हात जोडले. वर्षालीनं माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी पिचली.

मी मागे वळले नाही. खरं सांगते, वळावंसं वाटलं. पण वळले नाही.

"मामाजी," मी म्हटलं, "खाकरा. किती खाकराचं ते खाकरा. माझ्या नरड्यात आता गिळाले जागा नाई उरली. उभं राह्याचं तं उभे राहा, बसाचं तं बसा. गाणं पुरं झाल्याबिगर या घरात आज कोणाले थेंब भेटणार नाई." आणि त्या पोरीला, त्या तव्यातल्या, सांगितलं, "गा माय. मी आहे इथं."

पेटीनं ओळ वाजवली. एकदा. दोनदा. मी खरखरतच होते...

आणि तिनं उचललं.

"...आभाळाच्या लेकीले अंगण नको दावू!"

यामिनी, तिचा तो सूर! माझ्या खरखरीवर पाय देऊन ती वर चढली. आम्ही दोघी गायलो. मागे काठी आपटली, आम्ही गायलो. खाकरणं झालं, एकदा कानाशी, एकदा डोक्यावर, आम्ही गायलो. सोन्याची दांडी गाऊन झाली, तिसरं कडवंही झालं. सुलोचनाबाईंनी शेवटी बांधलेली ओळ आली, "आधी पाज पाणी, मग माग गाणी." ती आम्ही अशी टाकली की समोरच्या घरातली बाई गॅलरीत येऊन उभी राहिली.

गाणं संपलं. सुई आतल्या रिकाम्या खाचेत फिरू लागली. ठक्... ठक्... ठक्... सगळ्याच रेकॉर्डवर ती शेवटी तशी वाजते, ठाऊक आहे मला. पण त्या दोन ठकांच्या मध्ये, त्या साफ शांततेत, कोणीतरी म्हणालं...

"पाणी..."

आयुष्यात त्यांनी पाणी कधी मागितलं नव्हतं. मागायची वेळच यायची नाही, तांब्या आधीच समोर असायचा. मला दया आली का? आली थोडी. पण आधी मी खुर्चीतून उठून सावकाश सुई उचलली, रेकॉर्ड पुसली, पाकिटात घातली. मग माठातला तांब्या भरला आणि मागच्या अंगणात जाऊन खड्ड्यात ओतला. आत डबी चालूच होती. वर्षाली सांगते, स्पीकरमधून घोट घोट पिण्याचा आवाज आला, आणि शेवटी लांब श्वास सोडल्याचा. सुई तर हवेत होती तेव्हा.

मग वर्षालीनं घसा साफ केला. "आई... मंग कोणती डबी ठेवाची?"

"काळी," मी म्हटलं. "दुसरी कोणती?"

तेव्हापासून हेच चाललं आहे. काळ्या डबीवर गाणं पूर्ण वाजतं, एक शब्द कमी होत नाही. वाजून झालं की तांब्याभर पाणी खड्ड्यात. एकदा यांनी माया येऊन आधीच पाणी घातलं, तर त्या दिवशी तिसरं कडवं गेलं. म्हणून क्रम मोडायचा नाही. सुलोचनाबाईंची ओळ आमच्या घरात उलटी चालते. यांनी त्या दुपारी माझ्या मागे काय पाहिलं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पण आता हे घरात येताना खाकरत नाहीत. फाटकातूनच "कोकिळा, मी आलो" म्हणून नाव घेऊन येतात. लग्नानंतर इतक्या वर्षांनी मला माझं नाव ऐकू येतं बघ.

तर असं आहे ते. आता लाईट आली की...

थांब.

ऐकलंस?

...

नाही गं, लाईट आलेली नाही. पंखा बघ ना, बंदच आहे. ती काळी डबी बघ, तिचा लाल दिवासुद्धा विझलेला आहे. रेकॉर्ड पाकिटातच आहे, ही काय माझ्या मांडीवर. लाईट नसताना ते आजपर्यंत कधी आले नव्हते. हे नवीन आहे.

दिव्याकडे नको पाहू, माझ्याकडे पाहा. उठू नकोस.

आणि यामिनी, ती ओढणी डोक्यावरून खाली घे. तू कधी घेतलीस ते तुलाही कळलं नाही ना? घे खाली. तुझे कोण लागतात ते?

रेकॉर्ड काही आता वाजायची नाही, आणि मामाजी तर येऊन उभे आहेत. पहिली ओळ तुला आता पाठ झाली आहे. तुझा गळा चांगला आहे. म्हण. मोठ्यानं म्हण, दारापर्यंत गेलं पाहिजे. अडलीस तर मी आहे मागे, माझी खरखर घेऊन.

पाणी नंतर देऊ.